श्रांती आणि विश्रांती : जुन्या ग्लायडरांच्या उड्डाणयोग्यतेचा एक इतिहास

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पावसाची मोजदाद आजही महिन्यांपेक्षा नक्षत्रांनीच अधिक होते. मेच्या अखेरीस रोहिणी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मृग, त्यानंतर आर्द्रा असा हा क्रम आहे. महाबळेश्वर-कोयनेचा अतिवृष्टीचा पट्टा आणि माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा पट्टा यांत पडणाऱ्या पावसाचे मान अत्यंत भिन्न आहे. परंतु पावसाची नावे मात्र दोन्हीकडे सारखीच आहेत. 'मृग' या संस्कृत शब्दाचे लोकभाषेत 'मिरग' झाले आणि तो शब्द नक्षत्रापेक्षा पावसाचाच वाचक होऊन बसला.

हीच नावे, आणि जवळजवळ याच क्रमाने, भारतीय विमानविद्येच्या इतिहासातही आढळतात, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही. केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या दिल्ली येथील तंत्रकेंद्रात स्वातंत्र्यानंतर ग्लायडरांचे, म्हणजे इंजिनाविना उडणाऱ्या विमानांचे, स्वदेशी आराखडे तयार होऊ लागले. त्यांतील अनेक आराखड्यांमागे एस. रामामृतम् हे अभियंते होते. या मालिकेतील पहिले दोन आसनांचे शिक्षण-ग्लायडर १९५८ साली उडाले. त्याचे नाव 'अश्विनी'. पुढे 'भरणी', 'रोहिणी' (१९६१), 'कार्तिक' (१९६३), 'मृगशीर' (१९७०) आणि 'आर्द्रा' (१९७९) अशी ही नक्षत्रमाला वाढत गेली. क्रमात कृत्तिकेच्या जागी 'कार्तिक' आला आहे. तो कृत्तिकेवरूनच साधलेला असला तरी नक्षत्र नव्हे, मास होय. 'आर्द्रा' हे नाव रोमन लिपीत महाप्राण 'ध' सुचविणाऱ्या वर्णांनी लिहिले गेले, तो दाक्षिणात्य लेखनपद्धतीचा प्रभाव दिसतो. नामकरण करणाऱ्यांपुढे आकाशातील तारे होते, पाऊस नव्हता, हे उघड आहे. परंतु महाराष्ट्रातील शेतकऱ्यास ही नावे ऐकून प्रथम आठवते ते ओल्या मातीचे दर्शन. आणि 'आर्द्रा' या शब्दाचा तर मूळ अर्थच 'ओली' असा आहे.

या योगायोगात एक विचित्र व्यंग दडलेले आहे. ही ग्लायडरे मुख्यत: लाकूड, प्लायवूड आणि कापड यांची बांधलेली होती, आणि अशा विमानाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ओलावाच होय. ज्या नक्षत्रांत शेताला जीवन मिळते त्याच नक्षत्रांत हँगरमध्ये उभ्या असलेल्या लाकडी विमानाचे आयुष्य कमी होत असते. उन्हाळ्यात, तापलेल्या दख्खनच्या पठारावरून ऊर्ध्वगामी वायुप्रवाह जोरात उठत असताना, ग्लायडर उडते. पावसाळ्यात ते पुष्कळसे विसावते. विसाव्याने माणसाचा व जनावराचा शीण जातो. विमानाचा जातो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना तंत्रविद्येला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्या शोधाच्या वाटेवर एका शब्दाने बरीच दिशाभूलही केली. तो शब्द म्हणजे धातूची 'श्रांती'.

ग्लायडरविद्येचा उगम जर्मनीतील. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आली, तेव्हा तेथील तरुणांनी डोंगरउतारावरून इंजिनाविना उडण्याचा ध्यास घेतला. ऱ्होन पर्वतातील वासरकुप्पे येथे १९२० साली पहिली स्पर्धा भरली. या काळात वायुगतिशास्त्राचे मोठे पीठ होते गटिंगेन, आणि तेथील आचार्य लुडविग प्रांटल. त्यांच्या हाताखाली १९३० नंतरच्या दशकात विष्णु माधव घाटगे या मराठी विद्यार्थ्याने डॉक्टरेट मिळविली. पुढे बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत त्यांनी युद्धकाळात दहा आसनांच्या एका वाहतूक-ग्लायडरचा आराखडा केला. 'जी-१' या नावाने ओळखले जाणारे हे ग्लायडर एकच बांधले गेले, त्याची मालिका निघाली नाही. १९५१ साली उडालेल्या 'एचटी-२' या शिक्षण-विमानामुळे घाटगे यांचे नाव सर्वतोमुखी झाले, त्यामुळे ते ग्लायडर विस्मृतीत गेले हे समजण्यासारखे आहे. तरीही हिंदी अभियंत्याने आखलेल्या आरंभीच्या विमानांत एक ग्लायडर होते, ही नोंद महत्त्वाची आहे.

ही कंपनी १९४० साली स्थापन करणारे उद्योगपती म्हणजे वालचंद हिराचंद. सांगलीत १९४७ साली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयास १९५५ पासून त्यांचेच नाव आहे. सांगलीचा आणि विमानविद्येचा संबंध शोधू गेल्यास तो धावपट्टीपेक्षा या नावातच अधिक सापडतो. सांगलीजवळ कवलापूरची आणि सातारा जिल्ह्यात कऱ्हाडची धावपट्टी जुनी आहे. परंतु ग्लायडरविद्या महाराष्ट्रात रुजली ती या दोन्ही ठिकाणी नव्हे, तर साताऱ्याच्या उत्तरेस शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरील पुण्याच्या हडपसर येथे. तेथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग केंद्र दीर्घकाळ चालले आणि कित्येक विद्यार्थ्यांनी आपले पहिले उड्डाण विंचच्या दोराने वर खेचल्या जाणाऱ्या ग्लायडरमधून केले.

आता लाकडी ग्लायडरांच्या वार्धक्याकडे वळू. लाकूड हा पदार्थ वारंवार वाकविण्याने सहजासहजी दमत नाही. झाड आयुष्यभर वाऱ्यात डुलतच असते. म्हणून लाकडी विमानाचे मरण बहुधा लाकडात नसते, ते सांध्यात असते. सांधा दोन प्रकारचा : सरसाचा आणि धातूचा. जुन्या विमानांत दुधातील केसीनपासून केलेला सरस वापरीत. तो कोरड्या हवेत उत्तम टिकतो, परंतु ओल धरली की त्यावर बुरशी चढते आणि पकड जाते. १९३० नंतर युरिया-फॉर्माल्डिहाइड या जातीचे कृत्रिम सरस आले. बुरशीचे भय गेले, पण उष्णता आणि दमटपणा यांच्या दीर्घ संयोगाने तेही ठिसूळ होतात, विशेषत: ज्या सांध्यात दोन फळ्या नेमक्या बसलेल्या नसून मध्ये सरसाचा जाड थर राहिला असेल तेथे. चांगला सुतार सांधा केसाएवढाही उघडा ठेवीत नाही यातील शहाणपण येथे दिसते.

उष्ण कटिबंधात लाकडी विमानाचे काय होते याचा धडा हिंदुस्थानच्याच भूमीवर मिळाला होता. १९४४ च्या अखेरीस ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी येथे आलेली मॉस्किटो जातीची लाकडी लढाऊ विमाने हवेतच मोडण्याचे प्रकार घडले आणि काही काळ या भागातील सर्व मॉस्किटो विमाने जमिनीवर ठेवावी लागली. दोष बांधणीतील निष्काळजी सरसकामाचा की हवेतील ओलाव्याचा, याविषयी वाद झाला. खरे पाहता हा वाद काहीसा कृत्रिम म्हणावा लागेल. ढिला सांधा ओल आत घेतो आणि ओल सांधा आणखी ढिला करते. कारण आणि परिणाम एकमेकांचा हात धरूनच चालतात.

म्हणूनच जुन्या लाकडी ग्लायडरची तपासणी हे पाहण्याइतकेच ऐकण्याचे आणि हुंगण्याचेही काम आहे. पंखाच्या खालच्या बाजूस पाणी निथळून जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. ती बुजली की पंखाच्या पोकळीत पाणी साठते, आणि तपासणीची झडप उघडताच येणारा कुबट वास पुष्कळ काही सांगून जातो. प्लायवूडवर हलके टिचकी मारीत गेले असता घट्ट चिकटलेल्या भागाचा नाद खणखणीत येतो व सुटलेल्या भागाचा बद्द. मिरजेतील तंतुवाद्यांचे कारागीर पंढरपूरकडील भोपळा निवडताना तो वाजवून पाहतात. तेथे कान शोधतो तो गुण, येथे शोधतो तो दोष, एवढाच फरक. कापडाचे आवरण फाडून आतील फासळ्या उघड्या करणे खर्चाचे आणि कष्टाचे असते, आणि क्लबाजवळ पैसा नेहमीच तुटपुंजा असतो. तेव्हा आवरण न काढता काय काय कळू शकते, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

दुसरा सांधा धातूचा. पंख आणि धड जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या व खिळी लाकडी विमानातही असतातच. पुढे सर्वस्वी धातूची ग्लायडरे आली तेव्हा तर पंखाची मुख्य तुळईच धातूची झाली. धातूच्या वार्धक्याची कथा विमानापासून नव्हे, आगगाडीच्या आसापासून सुरू होते. १८४२ च्या मे महिन्यात व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि भीषण अपघात झाला. आस काही जास्त भाराने तुटला नव्हता; तोच आस तेवढाच भार अनेक महिने वाहत आला होता. मग आजच का तुटला? प्रचलित समजूत अशी होती की, सततच्या हादऱ्यांनी लोखंडाची घडण बदलते, तंतुमय लोखंड स्फटिकमय बनते आणि म्हणून ठिसूळ होते. पुढील वर्षी स्कॉटिश अभियंते रँकिन यांनी तुटलेल्या आसांचे निरीक्षण करून दाखविले की, चीर पृष्ठभागावरून, विशेषत: जेथे आसाची जाडी एकाएकी बदलते अशा कोपऱ्यापासून सुरू होते व हळूहळू आत शिरते. तथापि स्फटिकाची समजूत पुढे अर्धशतक टिकली. १९०३ साली यूइंग आणि हम्फ्री यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धातूच्या कणांत सरकण्याच्या रेषा आणि त्यांतून जन्मणाऱ्या चिरा दाखविल्या, तेव्हा कोठे तिचा पाया खचला.

या दोन टोकांच्या मध्ये उभे आहेत ऑगस्ट व्होलर. हे प्रशियातील एका रेल्वेचे अभियंते. त्यांनी प्रयोगशाळेत आसाचे तुकडे लक्षावधी वेळा फिरवून व वाकवून पाहिले, हे पाठ्यपुस्तकांत येते. त्याहून महत्त्वाचे, परंतु कमी सांगितले जाणारे, त्यांचे काम असे की, त्यांनी धावत्या गाडीच्या आसांवर मोजयंत्रे बसवून प्रत्यक्ष प्रवासात आस किती वाकतो याची नोंद केली. धातूला प्रत्यक्ष काय सोसावे लागते ते आधी मोजावे आणि मग तो किती काळ सोसेल ते सांगावे, ही दृष्टी येथे प्रथम पद्धतशीरपणे दिसते. आज वृद्ध विमानांच्या देखरेखीविषयी जे काही बोलले जाते त्याचे बीज या नोंदींत आहे.

आपल्याकडे या ज्ञानाचा लौकिक अवतार म्हणजे रेल्वेच्या फलाटावरील हातोडीवाला. कोल्हापूरचा लोहमार्ग १८९१ साली मिरजेस येऊन मिळाला आणि मिरज हे दक्षिण महाराष्ट्रातील मोठे जंक्शन बनले. अशा जंक्शनांवर गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेतलेला मनुष्य एकेका चाकावर ठोका मारीत जाई आणि नादावरून चाक अखंड आहे की तडकलेले ते ओळखी. प्रवाशांना तो एक नेहमीचा विधी वाटे. पुढे ध्वन्यातीत लहरींची यंत्रे आली आणि आसाच्या पोटातील चीरही दिसू लागली. परंतु दोहोंचे तत्त्व एकच : दोष तुटण्यापूर्वी बोलतो, ऐकणारा पाहिजे.

आता त्या शब्दाकडे. वारंवार भाराने धातू तुटण्याच्या क्रियेला 'थकणे' या अर्थाचा शब्द फ्रेंच व इंग्रज अभियंत्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लावला. १८५४ साली ब्रेथवेट यांच्या निबंधाने तो इंग्रजीत रूढ झाला. रूपक सुटसुटीत होते : घोडा दमतो, मजूर दमतो, तसा आसही दमतो. भारतीय भाषांत शास्त्रीय परिभाषा घडविण्याची वेळ आली तेव्हा हे रूपकही भाषांतरित होऊन आले. हिंदीत 'श्रांति' हा पर्याय आला. मराठीत 'श्रांती', 'थकवा', 'शीण', 'शिणवटा' असे शब्द हाताशी होते. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. कृष्णाकाठच्या त्या गावात केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञ पाठशाळेने मीमांसा आणि धर्मशास्त्र यांची कोशपरंपरा आधीच घातलेली होती. त्याच गावात आता धातुविज्ञान आणि वायुगतिशास्त्र यांच्या संज्ञा मराठीत बसविण्याची खटपट सुरू झाली. व्याकरणाचा 'धातू' आणि खाणीचा 'धातू' एकाच कार्यालयात नांदू लागले. पैकी पहिला कितीही वापरला तरी झिजत नाही!

परंतु 'श्रांती' या शब्दाचे मराठीतील खरे जीवन पाहिले पाहिजे. एकटा 'श्रांती' शब्द बोलण्यात जवळजवळ नाहीच. बोलण्यात आहे तो 'विश्रांती'. म्हणजे मराठी माणसाला श्रांती कळते ती तिच्या निवारणामधून. 'थकवा' आणि 'शीण' यांचेही तसेच : शीण घालवावयाचा असतो, थकवा उतरतो. या सर्व शब्दांच्या अर्थातच परत ताजे होण्याची शक्यता गृहीत आहे. धातूच्या बाबतीत नेमके हेच घडत नाही. विमान आठ महिने हँगरमध्ये झाकून ठेवले तरी त्याच्या तुळईतील चीर एका रेसानेही मिटत नाही. ती थांबते, आणि पुढील उड्डाणात जेथे थांबली होती तेथूनच पुढे चालू लागते. धातूला श्रांती आहे, विश्रांती नाही. उलट, लाकडी विमानाला हँगरमधील पावसाळी विश्रांतीच बाधते. रूपकाने दोन्हीकडे फसविले.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. 'यंदा फारसे उडालेच नाही, तेव्हा यंत्र चांगल्या स्थितीत असणार,' असे अनुमान क्लबात सहज केले जाते, आणि ते त्या रूपकाच्या पोटातूनच निघते. या दृष्टीने 'झीज' हा साधा मराठी शब्द अधिक प्रामाणिक ठरला असता. झिजलेले परत भरून येत नाही हे वहाण घालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मात्र झीज पृष्ठभागावर दिसते आणि चीर दिसत नाही, म्हणून तोही शब्द पुरा पडत नाही, हे मान्य केले पाहिजे.

विमानांच्या जगात हे ज्ञान अपघातांनी आले. ३१ जानेवारी १९४५ रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात स्टिन्सन जातीच्या प्रवासी विमानाचा पंख तुळईतील अशा चिरेमुळे हवेतच तुटला आणि दहाजण मरण पावले. त्यानंतर ऑस्ट्रेलियाने या विषयाच्या संशोधनात पुढाकार घेतला. १९५४ साली कॉमेट जातीची दोन जेट विमाने भूमध्य समुद्रावर कोसळली. इंग्लंडमधील फार्नबरो येथे संपूर्ण विमान पाण्याच्या टाकीत ठेवून दाब वाढविण्या-घटविण्याची आवर्तने दिली गेली, आणि सुमारे तीन हजार उड्डाणांइतकी आवर्तने झाल्यावर धडाची भिंत फाटली. कॉमेटचे त्यापूर्वीचे एक विमान २ मे १९५३ रोजी कलकत्त्याजवळ वादळात मोडून पडले होते. तेव्हा सारा दोष वादळाच्या माथी मारला गेला होता. याच सुमारास हिशेबाची एक सोपी रीतही प्रचारात आली. स्वीडनचे पामग्रेन (१९२४) आणि अमेरिकेचे माइनर (१९४५) यांनी असे मांडले की, प्रत्येक भार धातूच्या आयुष्याचा एक ठरावीक अंश खर्ची घालतो. हे अंश बेरजेत धरीत जावे, आणि बेरीज एक झाली की आयुष्य संपले असे समजावे. जमा नाही, फक्त खर्च : असे हे खाते. ही रीत अगदी अचूक नाही हे तिच्या वापरकर्त्यांनाही ठाऊक असते, परंतु विश्रांतीच्या भ्रमातून तिने अभियंत्यांना कायमचे बाहेर काढले.

मोठ्या विमानांत भारांची संख्या मोजणारी यंत्रे बसविता आली. क्लबाच्या ग्लायडरमध्ये असे यंत्र बहुधा नसते. तेथे एकच यंत्र असते, ते म्हणजे नोंदवही. आणि नोंदवहीत काय मोजावयाचे हाच कळीचा प्रश्न आहे. विमानाचे वय तासांत सांगण्याचा प्रघात आहे. समजा, दोन ग्लायडरांनी प्रत्येकी एक हजार तास उड्डाण केले. पहिले दूरपल्ल्याच्या उड्डाणाचे. एकेक उड्डाण दोन तासांचे. त्याने पाचशे वेळा जमीन सोडली. दुसरे शिकाऊ विद्यार्थ्यांचे. विंचने खेच, एक घिरटी, उतरणे, सारे सहा मिनिटांत. त्याने दहा हजार वेळा जमीन सोडली. विंचचा दोर ग्लायडरला वर ओढतो तेव्हा पंखांना विमानाचे वजन आणि दोराची ओढ हे दोन्ही पेलावे लागतात. दोर अतिताणाने पंखाला इजा करण्यापूर्वी स्वत: तुटावा म्हणून त्यात मुद्दाम एक कमजोर कडी घालतात, इतकी ही ओढ प्रबळ असते. प्रत्येक खेचीबरोबर पंख वाकतो, उतरताच सरळ होतो, आणि चाक आदळते ते निराळेच. कागदावर दोघांचे वय एक. धातूच्या दृष्टीने एक प्रौढ तर दुसरे अतिवृद्ध. हडपसरसारख्या शिक्षणकेंद्रांत वापर या दुसऱ्या प्रकारचाच असतो. म्हणून शिक्षण-ग्लायडरच्या बाबतीत तासांच्या रकान्याहून खेचींचा रकाना महत्त्वाचा, आणि जेथे तो भरलेला नाही तेथे त्या विमानाचे वय कोणालाच माहीत नाही असे म्हणणे भाग आहे.

वापराच्या या प्रश्नाचे गांभीर्य जगाला १९५० नंतर आखलेल्या एका ग्लायडरने २०१० साली पटवून दिले. चेकोस्लोव्हाकियातील कारेल द्लौही यांचे 'ब्लानिक एल-१३' हे दोन आसनांचे धातूचे ग्लायडर १९५६ साली प्रथम उडाले. ते अडीच हजारांहून अधिक संख्येने बांधले गेले आणि अनेक देशांतील क्लबांचे शिक्षण त्यावरच चालले. १२ जून २०१० रोजी ऑस्ट्रियात अशाच एका ग्लायडरचा पंख हवेत तुटला. आतील दोघेही दगावले. तुळईच्या मुळाशी चीर सापडली. डोळ्यांना सहज दिसेल अशा जागी ती नव्हती. युरोपीय विमानसुरक्षा संस्थेने या जातीची सर्व ग्लायडरे जमिनीवर आणली, आणि तुळईच्या दुरुस्तीचे व तपासणीचे मान्य मार्ग निघेपर्यंत क्लबांची ही विश्वासू यंत्रे नुसती उभी राहिली. मूळ निर्मात्याने आयुष्य ठरविताना वापराचे एक सरासरी चित्र गृहीत धरलेले असते : इतकी उड्डाणे एकट्याची, इतकी दोघांची, इतकी कसरतीची. पन्नास वर्षांत यंत्र चार क्लबांच्या हातून गेले, तर त्या चित्राचे प्रत्यक्षाशी किती साम्य उरले हे जुन्या नोंदवह्याच सांगू शकतात. नोंदवही अपुरी असेल तर अभियंत्याला सर्वांत वाईट तेच गृहीत धरावे लागते, आणि तसे केल्यास निम्मी ग्लायडरे भंगारात जातात. नोंदीतील आळसाची किंमत अशी पुढील पिढीला मोजावी लागते.

काचतंतूंच्या ग्लायडरांनी हा प्रश्न सुटला असे काही काळ वाटले. श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी बांधलेले 'फिनिक्स' हे या जातीचे पहिले ग्लायडर १९५७ साली उडाले. काचतंतू गंजत नाहीत, कुजत नाहीत. पण नवा पदार्थ किती टिकेल हे कोणासच ठाऊक नसल्याने प्रारंभी अनेक जातींना तीन हजार तासांची मर्यादा घालण्यात आली. पुढे पंखांवर प्रयोगशाळेत दीर्घ चाचण्या झाल्या, आणि विशिष्ट टप्प्यांवर कसून तपासणी करण्याच्या अटीवर ही मर्यादा सहा हजार, नंतर बारा हजार तासांपर्यंत वाढविली गेली. येथे एक सूक्ष्म पण मोठा फरक घडला. आयुष्याची मुदत आधी ठरवून ती संपताच विमान मोडीत काढण्याऐवजी, पाहत-पाहत आयुष्य वाढविण्याची रीत आली. ही रीत स्वस्त आहे आणि न्याय्यही आहे, परंतु तिचा सारा भार पाहणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर पडतो.

आणि क्लबात पाहणारे पुष्कळ असतात, हीच अडचण आहे. खाजगी विमानाच्या मालकाला आपले यंत्र केव्हा आदळले ते आठवते. क्लबाचे ग्लायडर सकाळी एकाने उडविले, दुपारी दुसऱ्याने, संध्याकाळी तिसऱ्याने. दुपारच्या शिकाऊ मुलाचे उतरणे जरा जोराचे झाले, पाठीला हिसका बसला, बाहेरून काही मोडलेले दिसले नाही. शिक्षक रागावतील म्हणून तो बोलला नाही. संध्याकाळी उडणाऱ्याला त्या हिसक्याची वार्ता नाही. म्हणून ज्या क्लबांत आदळल्याची कबुली देणाऱ्याला शिक्षा होत नाही, तेथील जुनी यंत्रे अधिक विश्वासार्ह असतात. सूक्ष्मदर्शक, चिरांत झिरपणारे रंगद्रव्य किंवा विद्युत्प्रवाहाची तपासणी, यांपैकी काहीही न सांगितलेल्या आदळण्याची जागा घेऊ शकत नाही, कारण चीर शोधावयाची कोठे हे त्या सांगण्यावरूनच कळते.

सातारा जिल्ह्यात इंजिनाविना उडण्याचा प्रकार आज दिसतो तो पाचगणीच्या परिसरात, पॅराग्लायडिंगच्या रूपाने. तेथे तुळई नाही, सरस नाही, धातूची जोडपट्टी नाही. आहे ते कापड आणि दोऱ्या. वार्धक्य मात्र तेथेही आहे. कापडाचा वैरी ओलाव्याइतकाच सूर्यप्रकाश : अतिनील किरणांनी त्याचा लेप विरतो, त्यातून हवा झिरपू लागते, आणि पंख फुगण्यास व फुगलेला राहण्यास कुचराई करू लागतो. कापडातून ठरावीक हवा किती सेकंदांत जाते हे मोजण्याचे छोटे यंत्र असते, आणि नमुन्याची एखादी दोरी तोडून तिचे बळ पाहण्याची रीत असते. येथेही वर्षांवर जाण्यात अर्थ नाही. पेटीत नीट घडी करून ठेवलेला पाच वर्षांचा पंख रोज माळावर उन्हात पसरलेल्या दोन वर्षांच्या पंखाहून तरुण असू शकतो. प्रवाशाला घेऊन दिवसातून अनेकदा उडणाऱ्या पंखाच्या बाबतीत विचारावयाचे ते पंख कोणत्या साली घेतला हे नव्हे, तर तो किती तास उन्हात होता आणि शेवटची मोजणी केव्हा झाली हे.